सुनंदाच्या कमरेसाठी शॉकॲब्झॉर्बर

आमच्या घरात नाजूक वस्तू दोनच आहेत: सुनंदाची कंबर आणि माझी जुनी, उघडी, दोन सीटची स्पोर्ट्स कार. दोन्हींची काळजी मी घेतो आणि दोन्ही माझ्यामुळेच दुखावतात.

सुनंदा ही माझी बायको, मलकापूरची. मी गाडी घेतली तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "माहेरच्या दारात हिच्यातनं उतरायचं हाय मला." पुढे गाडीचे शॉकॲब्झॉर्बर गेले आणि सुनंदाची कंबर धरली (आधी काय झालं यावर आमचं एकमत नाही). गाडीतनं माहेरी जाणं राहूनच गेलं. यंदा थंडीत तिच्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांत ठरली आणि मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

या गाडीचे नवे शॉकॲब्झॉर्बर मिळत नाहीत. जुनेच उघडायचे, आतलं तेल आणि वॉशर बदलायचे आणि परत बसवायचे. उद्यमनगरातल्या अशोक मिस्त्रींनी काम अंगावर घेतलं. म्हणाले, "कडक किती, नरम किती, ते माणूस बसवून बघाय लागतंय. वैनींना आणा."

दुखऱ्या कमरेच्या बाईला चाचणीला कसं बसवायचं? आमच्या पेठेत कपाट हलवण्यापासून गणपती उचलण्यापर्यंत कशालाही तालमीतून माणसं बोलवायची पद्धत आहे. मी दोन पैलवान नेले. जिथं पैलवानाला धक्का बसत नाही तिथं सुनंदाला काय बसणार, असा माझा हिशेब. (मला तो फार हुशारीचा वाटला होता.) ते बसले की गाडी खाली टेकायची. मिस्त्री कडक करत गेले, आणखी कडक करत गेले. शेवटी बंडा पैलवान डोळे मिटून म्हणाला, "पाळण्यागत वाटतंय की."

वास्तुशांतीच्या सकाळी सुनंदा नवी इरकल नेसून शेजारी बसली. पंचगंगेचा पूल येईपर्यंत तिला सगळे देव आठवले. आम्हा दोघांचं वजन मिळून एका बंडाएवढं. आत कुणी बसलंय हेच गाडीला कळत नव्हतं. प्रत्येक खड्ड्याला ती आम्हाला वर फेकायची आणि परत झेलायची.

"थांबवा हितंच," सुनंदा म्हणाली. मी मिस्त्रींना फोन लावला.

"वजन कमी पडतंय," ते म्हणाले. "वजन घाला की."

रस्त्याकडेला गुऱ्हाळ होतं. मी गुळाच्या ढेपा घेतल्या. डिकी भरली, मग सुनंदाच्या पायाशी ठेवल्या. पुढची ढेप मांडीवर ठेवायला गेलो तशी ती उतरली आणि मागून येणाऱ्या मलकापूर एसटीला हात केला.

"तुम्ही गुळाला घेऊन या," म्हणाली.

उरलेल्या ढेपा मी तिच्या सीटवर रचल्या. खरं सांगतो, गाडी काय सुरेख चालली! इतका मऊ प्रवास मी आयुष्यात केला नव्हता, आणि इतकं वाईटही मला कधी वाटलं नव्हतं. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती पुढच्या एसटीत उभी असेल आणि माझ्या शेजारी गूळ ऐसपैस बसलाय.

मलकापूरच्या स्टँडवर सुनंदा भावाला घेऊन थांबली होती. तिनं आपल्या सीटकडे पाहिलं आणि भावाला म्हणाली, "दादा, ह्यो गूळ उतरून घे. मी बसणार हाय."

"अगं, परत उडवंल ती," मी म्हणालो.

"चालू केली तर उडवंल न्हवं? ढकला."

भावानं बाहेरून स्टिअरिंग धरलं. मी मागून ढकलत निघालो. डोक्यावर पदर घेऊन सुनंदा ताठ बसली होती. ओळखीच्या बायका दारात आल्या, ती प्रत्येकीकडे बघून हसत होती. माहेरच्या दारात ती सावकाश उतरली. तिचा तेव्हाचा चेहरा बघून माझा घाम वसूल झाला.

शेजारच्या ओट्यावरच्या आजोबांनी मला विचारलं, "पावणं, गाडी बंद पडली व्हय?"

"न्हाय हो, झकास चालतीय," मी धापा टाकत म्हणालो. "फकस्त बायको बसली की ढकलाय लागती."