दुधनीला गेलेला नंबर

केराबाईंना अक्षर ओळखता येत नाही, पण माझा मोबाइल नंबर त्यांना तोंडपाठ होता. भाकरी थापताना त्या तो म्हणत. परातीत पीठ फिरायचं, तळहात पडायचा आणि आकड्यांच्या जोड्या एकामागून एक बाहेर यायच्या. रेशन दुकानात, गॅसच्या ऑफिसात, दवाखान्यात कुणी फोन नंबर विचारला की त्या तोच सांगत आणि वर म्हणत, "नंबर माझाच हाय, फोन तेवढा बाईंकडं असतो."

बाई म्हणजे मी. भवानी पेठेत बंद गिरणीच्या मागे आमची गल्ली आहे. केराबाई तिथे चाळीसएक वर्षं राहतात. माहेर मंगळवेढ्याच्या बाजूला. लहानपण वडिलांच्या मेंढरांमागे गेलं. चाऱ्याच्या शोधात कळप खाली विजापूरपर्यंत जायचा, म्हणून कानडी आपोआप आली. लग्न गिरणीकामगाराशी झालं. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी तवा मांडला. आमच्याकडची कडक भाकरी पापडासारखी पातळ असते, महिनाभर टिकते. तव्यावर ती दाबून दाबून भाजावी लागते. फडक्याने दाबतात बहुतेक जणी. केराबाई बोटांनी दाबतात. फडक्याने भाकरीचं मन कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्या बोटांवर आता एकही रेघ उरलेली नाही. मी भिंग लावून पाहिलं आहे. दहाही बोटं नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत.

काही वर्षांपूर्वी गल्लीत सगळ्याच गोष्टींना मोबाइल नंबर जोडायची वेळ आली. फोन होते ते पुरुषांकडे, आणि ते दिवसभर कामावर. मी घरात असते, फोन चार्ज असतो आणि मला लिहायची सवय आहे. शाळेतल्या सिस्टरांनी दहाव्या वर्षी हातात वही दिली, ती एकोणऐंशीव्या वर्षीही सुटलेली नाही. तेव्हा केराबाईंपासून सुरुवात होऊन एकूण चौदा बायकांनी माझा नंबर दिला. ओटीपी आला की मी वेगळ्या वहीत तारीख, वेळ, नाव आणि काम लिहून दारात उभ्या असलेल्या बाईला आकडे सांगत असे. मला त्याचा थोडा अभिमानही वाटायचा, हे इथे कबूल करते.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलगा पुण्याला घेऊन गेला. त्याच्या घरात माझ्या सिमला रेंज नव्हती, म्हणून त्याने दुसरं सिम घालून दिलं. जुनं मी पर्सच्या कप्प्यात ठेवलं. नंबर म्हणजे घराच्या पत्त्यासारखा असतो, कुलूप लावून गेलं तरी आपलाच राहतो, असं मी धरून चालले होते. अकरा महिन्यांनी, २१ जुलैला परत आले आणि जुनं सिम फोनमध्ये नव्याच्या शेजारी पुन्हा घातलं.

दुसऱ्या दिवशी केराबाई भेटायला आल्या. उंबऱ्याशी थांबल्या, हाताने चौकट चाचपली आणि मग आत पाऊल टाकलं. मी खुर्चीत समोरच बसले होते आणि त्या खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "बाई, वाळलाव की तुमी."

"तुम्हाला दिसतंय का केराबाई?"

"आवाज वाळलाय," त्या म्हणाल्या.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजवा पांढरा शुभ्र पिकलेला. डॉक्टरांनी सांगितलं, आता थांबलं तर आत फुटेल आणि मग ऑपरेशन करूनही उपयोग व्हायचा नाही. ८ ऑगस्ट, शुक्रवार, ही तारीख मिळाली. ऑपरेशन सरकारी आरोग्य कार्डावर होणार होतं. कार्ड तेवढं काढून आणायचं होतं.

३० जुलैला आम्ही दोघी सेवा केंद्रात गेलो. मी काठी टेकत, त्या माझ्या खांद्याला धरून. दिपाली नावाची हसरी मुलगी मशीनवर होती. तिने दहा बोटं एकेक करून लावून पाहिली, ओल्या रुमालाने पुसून पुन्हा लावली. मशीनने एकही घेतलं नाही.

"बोटं कुठं ठेवून आलात आजी?" दिपाली म्हणाली.

"तव्यावर," केराबाई म्हणाल्या.

मग डोळ्याचं यंत्र लावलं. ज्या मोतीबिंदूसाठी कार्ड हवं होतं, त्याच मोतीबिंदूमुळे यंत्राला डोळा दिसेना. चेहरा लावून पाहिला. आधारवरचा फोटो चौदा वर्षांपूर्वीचा, गाल भरलेले. तोही जुळला नाही. शेवटी दिपाली म्हणाली, "ओटीपी टाकू. तो सोपा." तिने बटण दाबलं. मी पर्समधून फोन काढून हातात धरला. फोन गप्प. स्क्रीनवर शेवटचे चार आकडे होते ते माझ्या जुन्या नंबरचे.

दिपालीने तो नंबर लावून पाहिला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला, "हॅलो, कोण पाहिजे?"

रिचार्ज न झालेला नंबर काही महिन्यांनी बंद होतो आणि नंतर दुसऱ्याला दिला जातो, हे मला तिथे, एकोणऐंशीव्या वर्षी, एका तेवीस वर्षांच्या मुलीकडून कळलं. आधारचा नंबर बदलायचा तरी पुन्हा बोट नाहीतर डोळाच लागणार. नाहीतर अर्ज वर पाठवायचा आणि वाट पाहायची. तारीख नऊ दिवसांवर होती.

मी केराबाईंना सगळं सांगितलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं. 

"माझा नंबर दुसऱ्याला दिला, आन मला इचारलं बी न्हाय?"

"नंबर कंपनीचा असतो केराबाई."

"मग आदी सांगायचं की. मी काय कंपनीचा नंबर पाठ केला असता व्हय?"

घरी येऊन मी त्या माणसाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. त्याचं नाव गुरुलिंग. दुधनीच्या बाजारात मापाडी, म्हणजे शेतकऱ्यांच्या तुरीची, हरभऱ्याची मापं करणारा. मी माझ्या परीने नीट, मुद्देसूद सांगितलं. आता ओटीपी पाठवला तर तो आम्हाला वाचून दाखवाल का, असं विचारलं.

"न्हाय," तो म्हणाला. "राग मानू नका. ओटीपी कुणालाच सांगायचा न्हाय. माझ्या मेव्हण्याचं खातं असंच साफ झालं. त्याला बी बाईनंच फोन केलता, आन ती बी लई गोड बोलत होती."

"अहो, पण मी..."

"सगळे असंच म्हणत्यात बगा."

मी काही बोलणार तोच केराबाईंनी माझा हात दाबला. "त्यो बरोबर बोलतोय," त्या हळूच म्हणाल्या आणि फोनच्या आवाजाच्या दिशेने वाकल्या. कानडीत बोलल्या. मला एवढंच कळलं: "नन्न कण्ण काणंगिल्ल, अण्णा." माझे डोळे दिसत नाहीत, भाऊ.

 मग त्याने कानडीत दोनतीन प्रश्न विचारले, केराबाईंनी उत्तरं दिली. शेवटी तो मराठीत मला म्हणाला, "हितं या. तोंड बगून ठरवतो. फोनवर न्हाय."

१ ऑगस्टला, त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी आम्ही अक्कलकोटवरून दुधनीची एसटी धरली. माझा खुबा आणि त्यांचे डोळे मिळून एक धड प्रवासी होत होता. वाटेत मी त्या माणसावर चिडायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. ओटीपी सांगू नका, हे आपणच लोकांना घोकून घोकून शिकवलं आहे आणि तो ते पाळत होता. चिडायचं तर दुसऱ्याच गोष्टीवर चिडायला हवं होतं. देशात किती कोटी फोन झाले ते पेपरात छापून येतं. चौदा बायकांचा मिळून एक फोन असतो, तेव्हा त्या बायकांना कुठल्या रकान्यात लिहितात? बोट चालत नाही, डोळा चालत नाही, फोन नाही, अशा माणसाला समोर उभं राहून "मी केराबाई" म्हणायची सोय कुठेच का ठेवलेली नाही? त्या तर प्रत्येक ठिकाणी स्वतः समोर उभ्या होत्या.

गुरुलिंग बाजार समितीच्या दारातच वाट पाहत होता. पन्नाशीचा, कपाळाला विभूती, शर्टावर तुरीची धूळ. त्याने केराबाईंच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि आम्हाला शेजारच्या चहाच्या दुकानात बसवलं. तिथे त्याची बायको गौरम्मा आधीच येऊन बसली होती.

"ह्याच का त्या?" तिने नवऱ्याला विचारलं. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "सहा महिने झाले, माझ्या घरात चौदा बायका राहत्यात."

त्याने फोन काढला. आमच्या गल्लीचा एकूण एक मेसेज त्यात होता. कुणाचा गॅस लागला, कुणाचं रेशन आलं, कुणाच्या नातवाची शाळेची मीटिंग. "आमच्या घरात एक टाकी," तो म्हणाला, "आन फोनवर महिन्याला चौदा. पुसून टाकणार होतो. ही म्हणाली राहू दे, कुणाला तरी लागंल."

"आमच्या बायकांचं कुणाला दावलं का?" केराबाईंनी विचारलं. आवाज कडक होता.

"हिला सोडून कुणाला न्हाय, अक्का."

"देवाच्यान?"

"मल्लिकार्जुनाच्यान."

गौरम्मा मधेच म्हणाली, "आदी मला ते सांगा, उत्कर्षा कोण? एक दिवस मेसेज आला, तुमाला नववा महिना लागला, लोहाच्या गोळ्या घ्या. मी ह्यांना म्हटलं, ही कोण उत्कर्षा? दोन दिवस जेवाय वाढलं न्हाय ह्यांना."

केराबाई पहिल्यांदा हसल्या. "आमच्या गल्लीची सून हाय ती. माझ्या समोरच्या खोलीत."

"मग एकदम बाळाच्या लशीचा मेसेज आला. मुलगा का मुलगी, काय कळंना. कुणाला इचारणार?"

"मुलगी झाली. नाकेली हाय. मला दिसली न्हाय अजून, पर हात लावून बगितली. नाक लांब हाय."

गौरम्माने नवऱ्याकडे पाहिलं. "मी म्हटलं न्हवतं, मुलगीच हाय?" ती म्हणाली. त्याने मान हलवली आणि चहाचा कप खाली ठेवला. माझ्या हातातल्या वहीकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. मी सहा वर्षांच्या नोंदी पुरावा म्हणून बरोबर नेल्या होत्या.

बाजाराच्या समोरच सेवा केंद्र होतं. तिथल्या माणसाने केराबाईंचा आधार क्रमांक टाकला. गुरुलिंगच्या खिशात फोन वाजला. तो उठला, खुर्चीतल्या माणसाला म्हणाला, "सरक जरा. सांगणार न्हाय, मीच टाकतो." एका हाताचा आडोसा करून, आम्हा तिघींनाही दिसू नये असा, त्याने दुसऱ्या हाताच्या एका बोटाने सहा आकडे दाबले. केराबाईंना तर समोरचं मशीनसुद्धा दिसत नव्हतं, तरी तो आडोसा त्याने काढला नाही.

कार्ड छापून आलं. केराबाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कडा बोटांनी फिरवून पाहिल्या.

"माझंच हाय ना? नाव वाचा, बाई."

मी वाचलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं.

निघताना मी गुरुलिंगला म्हणाले, की बाकीच्या तेरा जणींचे नंबर मी एकेक करून बदलून घेईन. बोटं चालतात त्यांची. तोवर त्यांचा त्रास तुम्हाला. तो म्हणाला, "तोवर नंबर बंद पडू देत न्हाय. रिचार्ज मी करतो." आणि केराबाईंना म्हणाला, "अक्का, डोळा झाला की सांगा."

८ ऑगस्टला सकाळी नऊ वाजता केराबाईंना आत नेलं. हिरवा गाऊन घालून, टोपीत केस कोंबून त्या बारीकशा दिसत होत्या. नर्सने मला बाहेर बसायला सांगितलं. बाहेर बाकावर मी एकटीच. अर्धा तास लागेल म्हणाले होते. दहा वाजले, साडेदहा झाले. मी दोनदा उठून काउंटरवर गेले. पहिल्यांदा सांगितलं, कळवू. दुसऱ्यांदा विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"  परत येऊन बसले आणि वहीत नुसती वेळ लिहिली. पुढचं काही लिहिलं नाही.

दहा पन्नासला माझा फोन वाजला. दुधनी.

"बाई, झालं," गुरुलिंग म्हणाला. "आत्ता मेसेज आला. ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं असं लिहिलंय. तुमाला सांगितलं का न्हाय कुणी?"

"नाही," मी म्हणाले. "कुणीच नाही."

"मग ऐका, वाचतो." तो एकेक शब्द सुटा करून वाचू लागला. डोळ्याला पाणी लावायचं नाही. औषधाचे थेंब चार वेळा. जड उचलायचं नाही. मागून गौरम्माचा आवाज आला, तिने कानडीत काहीतरी घाईने सांगितलं. "आन ही म्हणती, महिनाभर तव्याजवळ जायचं न्हाय, हे तेवढं त्यांना नीट बजावा. मेसेजमध्ये चूल लिहिलीय, तवा लिहिला न्हाय. त्या ऐकायच्या न्हाईत."