फ्रायरवरचं झाकण

"पाणी नको, चाचा! पाणी नको!"

मी एवढ्या जोरात ओरडले की काउंटरवरची माणसं वळून बघायला लागली. गफूर चाचांच्या हातात पत्ताकोबी धुवायचा टब होता, पाण्यानं भरलेला. समोर फ्रायर पेटलेला. ज्वाळ वरच्या चिमणीला टेकायला आली होती आणि चाचा टब उलटा करायच्या बेतात होते.

ही गोष्ट वणीची. बसस्टँडजवळ बर्गर-पिझ्झाचं एक दुकान होतं, तिथं मी बारावीनंतर कामाला लागले. अठरावं नुकतंच सरलेलं. आमचा तांडा वणीपासून एसटीच्या अंतरावर. घरी कापूस आणि सोयाबीन. आमच्या बंजाऱ्यांच्या गोर बोलीत आईला याडी म्हणतात. याडीला माझी ही 'हॉटेलातली' नोकरी पसंत नव्हती. शेवटी तिनं एका अटीवर पाठवलं: मोठ्या माणसाला उलटून बोलायचं नाही. ही अट मला जड नव्हती. तोवर मी कुठल्याच मोठ्या माणसाला 'नाही' म्हटलेलं नव्हतं.

फ्रायर म्हणजे तेलाची खोल टाकी. खाली गॅसचा बर्नर. जाळीच्या बास्केटमध्ये फ्राइज भरायच्या आणि बास्केट तेलात सोडायची. तेल फार तापू नये म्हणून त्यात थर्मोस्टॅट असतो. ठरलेली गरमी झाली की तो आच आपोआप कमी करतो. तो बिघडला तर तेल तापतच जातं, आधी धूर येतो, मग ते आपलं आपण पेटतं. पेटलेल्या तेलात पाणी टाकलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ जळतं तेल घेऊन वर उसळते. समोरच्याच्या तोंडावर.

हे मला उज्ज्वला मॅडमनी शिकवलं होतं. त्या आमच्या मॅनेजर. नागपूरला एका मोठ्या दुकानाच्या किचनमध्ये काम केलेल्या, लग्नानंतर वणीत आलेल्या. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या अचानक विचारायच्या, "कविता, तेल पेटलं. काय करशील?" तोंडी उत्तर चालायचं नाही. करून दाखवावं लागायचं. भिंतीवरच्या हुकाचं झाकण काढायचं, फ्रायरवर सरकवायचं, बर्नर बंद, मग मागच्या दाराजवळचा गॅसचा मेन व्हॉल्व बंद. शेवटी एक नियम. "झाकण एकदा ठेवलं की ते माझं. मी सांगेपर्यंत कोणी उचलायचं नाही. भैया आले तरी." भैया म्हणजे दुकानाचे मालक.

आम्ही दुकानातल्या पोरी एकमेकींकडे बघून हसायचो. आलू तळायचे तर एवढा थाट कायले?

त्या दुपारी मॅडम मुलीच्या शाळेत मीटिंगला गेल्या होत्या. चाचा, आमचे जुने कुक, पिझ्झाच्या ओव्हनपाशी होते, मी बन भाजत होते. करपट वास आला, मी मान वळवली, तोवर भपकन पेटलंच.

माझ्या ओरडण्यानं चाचा थबकले. मी झाकण काढलं, ढालीसारखं समोर धरलं आणि आपल्या बाजूनं पलीकडे सरकवत नेलं. ज्वाळ झाकणाखाली गेली. माझ्या हातावरची लव जळाली, तिचा वास आला. बर्नर बंद केला.

"चाचा, मागचा व्हॉल्व!"

चाचा धावले. व्हॉल्व बंद झाला.

आता माणसं बाहेर काढायची होती. 'आग' हा शब्द मोठ्यानं म्हणायचा नाही, हेही मॅडमचंच. मी बाहेर येऊन म्हटलं, "गॅसचं काम निघालं, जरा सगळे बाहेर थांबा." सगळे उठले. कॉलेजच्या पोरांचं एक टेबल मात्र मोबाइल धरून शूटिंग करत बसलं. मी त्यांचा बर्गरचा ट्रे उचलला आणि फूटपाथवर नेऊन ठेवला. पोरं ट्रेच्या मागं आली.

परत आत आले तर चाचांच्या हातात कपडा, आणि हात झाकणाकडे.

"बाजूले होय बेटा. जराक सरकवून पाहतो, बुझली का नाई."

"नका ना चाचा. तेल अजून तापलेलं हाय. हवा लागली का परत पेटन."

"अवं, तुया जन्माच्या आधीपासून कढई सांभाळून राह्यलो मी."

ते खोटं नव्हतं. बन किती भाजायचा, कांदा कसा चिरायचा, सगळं मला चाचांनीच शिकवलं होतं. डब्यात कमी दिसलं तर आपली पोळी माझ्यापुढं सरकवणारा माणूस. पण मी फ्रायर आणि त्यांच्यामध्ये उभी राहिले. पाठीला झाकणाची धग लागत होती.

तेवढ्यात भैया आले. शेजारच्या दुकानदारानं फोन केला होता. संध्याकाळी एका कोचिंग क्लासचा निरोपसमारंभ होता, बर्गर आणि फ्राइजची मोठी ऑर्डर होती. भैयांच्या डोक्यात तेवढंच.

"बुझली ना आता? मंग उघडा. तेल बदलवा, चालू करा. पोरं ऑर्डर न्याले येऊन राह्यले संध्याकाळी."

"नाही भैया. मॅडम आल्याशिवाय नाही."

"नाही म्हंजे? दुकान कोणाचं हाय?"

"दुकान तुमचं. झाकण मॅडमचं."

हे माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. भैयांचा चेहरा लाल झाला. नोकरी गेली, असंच मी धरलं. घरी जाऊन याडीला काय सांगायचं, हेसुद्धा डोक्यात येऊन गेलं.

आणि मग गफूर चाचांनी हातातला कपडा ओट्यावर ठेवला. ते येऊन माझ्या बाजूला उभे राहिले. म्हणाले, "भैया, पोरगी म्हनते तं थांबू ना जराक. आपलं काय जाते?"

भैयांनी खिशातून मोबाइल काढला. मॅडमना फोन लावत बाहेर गेले.

मॅडम आल्या. मला वाटलं, आल्या आल्या झाकण उचलतील. त्यांनी हातही लावला नाही.

"मेन व्हॉल्व?"

"चाचांनी बंद केला."

"लोक?"

"बाहेर."

"तुला कुठं भाजलं?"

हे मात्र अजून कोणी विचारलं नव्हतं. मी हात पुढं केला आणि मला रडू आलं. त्यांनी माझा हात नळाखाली धरला आणि तसाच धरून भैयांशी बोलल्या. "मेकॅनिक तपासेपर्यंत गॅस चालू होणार नाही. ऑर्डरवाल्यांना आत्ताच फोन करा. आत्ता सांगितलं तर ऐकून घेतील. ऐन वेळी सांगितलं तर शिव्या देतील."

भैयांनी फोन केला. क्लासचे सर ऐकून घेणारे निघाले. थंड सँडविच आणि कोल्ड कॉफीवर ठरलं. मग आम्ही सगळे पुढच्या टेबलांवर ब्रेड मांडून बसलो. भैयाही बाह्या सरसावून बसले आणि काकडी एवढी जाड चिरली की चाचांनी सगळी परत चिरली. ऑर्डर वेळेत गेली.

झाकण मॅडमनीच उघडलं, तेल पार निवल्यावर. आत काळंकुट्ट डांबर झालं होतं. मेकॅनिक म्हणाला, थर्मोस्टॅट अडकला होता. मग त्यानं वर चिमणीत बॅटरी मारली आणि आम्हाला बोलावून दाखवलं. आत तेलाचा चिकट थर साचलेला. "तवाच झाकण उघडलं असतं तं भडका इथं लागला असता," तो म्हणाला. "मंग वरचं छतबी गेलं असतं." चाचांनी मान वर करून त्या थराकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी भैयांनी चिमणी साफ करून घेतली आणि किचनच्या आगीसाठीचं एक्स्टिंग्विशर भिंतीवर लावलं. मग सगळ्यांना उभं करून म्हणाले, "फ्रायरपाशी कोनीबी 'थांबा' म्हनलं का थांबाचं. मीबी थांबीन." माझ्याकडे न बघता म्हणाले, पण म्हणाले.

आगीचं शिक्षण असतं हेही मला मॅडमनीच सांगितलं. याडी म्हणाली, "आग बुझवाची बी शाळा असते काय?" असते. नागपूरला जाऊन मी फायर अँड सेफ्टीचा डिप्लोमा केला. सुट्ट्यांमध्ये परत आले की भैया मला शिफ्ट द्यायचे, तीही मला हव्या त्या वेळेची.

आज मी एका जिनिंग फॅक्टरीत सेफ्टी सुपरवायझर आहे. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणं. कापसाची आग तेलापेक्षा लबाड. वरून विझलेली दिसते आणि ढिगाच्या पोटात धुमसत राहते. म्हणून आमच्याकडे मशीन थांबवायचं लाल बटण कोणीही दाबू शकतं. मागच्या सीझनला ढिगावर काम करणाऱ्या एका बाईनं ते दाबलं. धूर दिसला म्हणाली. तपासलं तर कापसाची धूळ होती. काम खोळंबलं म्हणून ठेकेदार तिच्यावर ओरडायला लागला. मी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "मावशी, बरोबर केलं तुम्ही. पुढंही असंच करा." ठेकेदार पुटपुटत गेला. मशीन परत चालू झालं.

या नोकरीच्या इंटरव्ह्यूत मला आधीचा अनुभव विचारला होता. मी बर्गरचं दुकान सांगितलं, तर दोघे साहेब हसले. हसू दिलं. मला माहीत होतं मी काय सांगतेय. जिथं वरच्या माणसाला 'नाही' म्हणूनही दुसऱ्या दिवशी कामावर येता येतं, ती नोकरी लहान समजू नये.