निदेल्विया मावशीचा डावा व्हॉल्व्ह

तुलूमजवळच्या त्या गावात पाण्याखालच्या गुहांमधून पाहुण्यांना नेणारे बत्तीस पाणबुडे होते, आणि त्या सगळ्यांच्या टाक्यांत हवा भरायची निदेल्विया कनूल. अकरा वर्षं भरणघराची किल्ली तिच्या कमरेला होती. पन्नाशीला ती स्वतः बुडी मारायला शिकली. "आपण हवा भरलेली टाकी पाण्यात कशी वागते ते बघायला नको का?" एवढंच तिने घरच्यांना सांगितलं होतं.

त्या वर्षी मार्चमध्ये ग्रामसभेने नव्या टाक्या घ्यायचं ठरवलं. व्हॉल्व्ह कोणते घ्यायचे यावर वाद पेटला. हेनेर हा गावातला सगळ्यांत तरबेज पाणबुड्या आणि सभेचा प्रमुख विल्बेर्त याचा पुतण्या.

"सगळे एकाच जातीचे घ्या," तो म्हणाला. "एक बिघडला की दुसरा लावता येतो. बोटीवाले तेच करतात."

"समुद्रातले बोटीवाले एक टाकी पाठीला बांधतात," निदेल्विया म्हणाली. "तू दोन टाक्या दोन कुशींना लावतोस. व्हॉल्व्ह सारखे असले की उजवीची उघडायची-बंद करायची मूठ बाहेर राहते आणि डावीची बरगड्यांत जाते. डावीला डावाच व्हॉल्व्ह हवा."

"जाऊ दे की बरगड्यांत. बाहेर असली तर गुहेच्या छताला घासून आपोआप बंद होते, ते विसरलीस?"

लोक हसले. मुद्दा खोटा नव्हता, आणि तिनेही तो खोडला नाही.

"घासून बंद झालेली मूठ हाताने उघडता येते," ती म्हणाली. "पण नळी फुटली, गाळ उठला, आणि मूठ सापडलीच नाही तर?"

"मावशी, माझा हात कुठेही पोचतो."

"माझ्या तळलेल्या पानुचोंच्या टोपलीपर्यंत पोचतो, ते ठाऊक आहे मला."

मग तिने कमरेची किल्ली सोडून विल्बेर्तपुढे ठेवली. "ज्या टाकीवर माझा भरवसा नाही ती मी भरणार नाही. सभेने एकाच जातीचे घेतले तर दुसरं माणूस शोध."

विल्बेर्त तिच्याच वर्गात शिकलेला. त्याने किल्ली उचलली नाही. "सोमवारी दोघं पाण्यात दाखवा. मग हात वर करून ठरवू."

सोमवारी पाहुणे नसतात. गुहांच्या तोंडाशी असलेल्या डोहाच्या, सेनोतेच्या काठावर सगळा गाव जमला. गाळात दिसत नाही तसं काही दिसू नये म्हणून दोघांच्या चष्म्यांवर काळी पट्टी चिकटवली. हेनेरच्या टाक्यांवर एकाच जातीचे व्हॉल्व्ह, मावशीच्या टाक्यांवर डावी-उजवी जोडी. विल्बेर्त छातीभर पाण्यात उभा राहिला. त्याने डाव्या टाकीवर थाप मारली की नळी फुटली असं समजायचं, तोंडात उजव्या टाकीची नळी घ्यायची आणि डावी बंद करायची. काठावरचे मोठ्याने आकडे म्हणणार.

मावशीने चारला मूठ आवळली.

हेनेरचा हात आधी नळीला अडकला, मग पट्ट्याला. तो कुशीवर वळला, पुन्हा वळला. त्याची मूठ सव्विसाला बंद झाली.

वर येताच तो म्हणाला, "तिची तालीम जास्त आहे. रोज त्याच मुठी फिरवते ती."

काठावरून कुजबुज झाली. मावशीने चष्मा कपाळावर सरकवला. "बरोबर आहे त्याचं. टाक्या बदला."

तिची मुलगी काठावरून ओरडली, "आई, जिंकलीस ना, आता कशाला?"

"मी जिंकून काय करू? व्हॉल्व्ह जिंकायला हवा."

या वेळी हेनेर तिच्या जोडीसह खाली गेला आणि तीनला मूठ बंद करून वर अंगठा दाखवला. मावशी मात्र त्याच्या टाकीची मूठ बरगड्यांत चाचपत राहिली. चाळीस झाले तेव्हा तिने हात सोडून दिला आणि वर येऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "नाही सापडली."

मग पहिला हात पाण्यातूनच वर आला, आणि तो हेनेरचा होता. काठावर एकेक करत सगळे हात उठले. विल्बेर्तने काठावर आणून ठेवलेली किल्ली ओल्या हाताने उचलून तिच्याकडे टाकली.

"मावशी, माझी जोडी सगळ्यांत आधी लाव," हेनेर म्हणाला.

"रांगेत उभा राहा," ती म्हणाली, आणि पट्ट्या सोडता सोडता मनापासून हसली.