पुण्याला गेलेली पाण्याची बाटली

दोष सरपंच तात्यांचा. हे आधी डोक्यात पक्कं करा, मग चहा प्या. नाहीतर शेवटी तुम्हीही म्हणाल, चूक पोराचीच होती. गाव अजून तेच म्हणतं. गावाला काय, गाव तात्यांच्या ओट्यावर बसूनच विचार करतं.

बारामती-इंदापूर रस्त्यावर आमचं गाव. नव्वदच्या दशकातली गोष्ट. घरोघरी नळ आले होते, पण नळाला पाणी कुठलं? तात्यांच्या रानातल्या बोअरचं. आणि ते पाणी म्हणजे काय सांगू! अंगाला साबण घासून घासून झिजवा, फेस म्हणून नाही. फाटलेल्या दुधासारखा पांढरा चोथा अंगाला चिकटायचा, आणि तो काढायला परत तेच पाणी! केसांचा पार काथ्या. हंड्याला आतून पांढरी खपली, ती उलथन्यानं खरवडायची. तूरडाळ सकाळी चुलीवर ठेवली तर दुपारी ताटात खडखड वाजायची. गावचा न्हावीसुद्धा दाढीचं पाणी बाहेरून आणायचा. आता बोला!

दीड मैलावर माळवस्तीची विहीर होती, तिचं पाणी गोडं. डाळीपुरती नि चहापुरती एक कळशी आमची आई रोज तिथून आणायची. नळ दारात आणि कळशी डोक्यावर! तात्यांना विचारलं की ठरलेलं उत्तर, "ह्याच पाण्यावर आमी वाढलो. आमाला काय झालं?"

काय झालं ते समोर दिसतच होतं. पण म्हाताऱ्यांच्या तोंडावर सांगणार कोण?

मी सांगितलं. मी बारामतीच्या कॉलेजात बी.एस्सी. केलंय. म्हणजे दिवाळीपर्यंत केलंय. का सोडलं ते विचारू नका. पण दिवाळीच्या आत दुष्फेन पाण्याचा, म्हणजे क्षारांमुळं फेस न होणाऱ्या कठीण पाण्याचा, धडा झाला होता, आणि साऱ्या विज्ञानातला तेवढा एकच धडा मला पुरता येत होता. तोच नेमका गावाच्या नळातून वाहत होता. गप्प बसवेल?

त्या साली कॅनॉलवरून फिल्टरचं पाणी द्यायची योजना निघाली. आजूबाजूची चार गावं लगेच हो म्हणाली. आमच्या ग्रामसभेत तात्या उठले. "आपल्याला काय गरज? आपलं बोअर हाय की."

आपलं! बोअर त्यांचं, मोटार त्यांची, वॉल्व्हची चावी त्यांच्या कडदोऱ्याला. ज्या आळीनं मत दिलं नाही, त्या आळीचं पाणी दुपारी बाराला सुटायचं. कॅनॉलची लाईन आली की ही सत्ता संपली. म्हणून विरोध, दुसरं काही नाही.

मी उभा राहिलो. "पाणी तपासा! पुण्याच्या सरकारी लॅबला पाठवा!"

"आन् रिपोर्ट आल्यावर?" तात्या म्हणाले.

"खराब आला तर कॅनॉलची लाईन घ्यायची. चांगला आला तर तुमचं बोअर."

"मान्य. लिवून घ्या भाऊसाहेब."

भाऊसाहेब म्हणजे आमचे ग्रामसेवक. त्यांनी लिहून घेतलं. मी एवढ्यावर थांबलो का? छे! "बाटलीला लाखेचं सील पाहिजे," मी ओरडलो, "वर सरपंचांची सही पाहिजे. मधल्या मधे कुणी पाणी बदललं तर?" आणि तात्यांकडे असं बघितलं, की चार पोरांनी शिट्ट्या मारल्या.

संध्याकाळी दोन साक्षीदार घेऊन चौकातल्या नळावर बाटली भरली. आधी त्याच पाण्यानं तीनदा विसळली. कॉलेजात शिकलोय! लाख आणि शिक्का ऑफिसात, ऑफिस सकाळी उघडणार. तोवर बाटली ठेवायची कुठं? ऑफिसची किल्ली तात्यांच्या पुतण्याकडं. म्हणजे आमच्या घराएवढी भरवशाची जागा साऱ्या गावात नव्हती.

फळीवर बाटली ठेवली. आईनं विचारलं, "काय रं हे?"

"पुण्याला जायचीय. मोठे साहेब तपासणार आहेत. सांभाळ नीट."

"कशापायी?"

"तुला नाही कळायचं," असं म्हणून मी एसटी स्टँडच्या कँटीनवर भाषण द्यायला गेलो.

सकाळी बाटली जरा जास्तच लखलखीत वाटली. वाटलं, गाळ बसला असेल. तळाला बघितलं, गाळ नाही. मग वाटलं, पाणी जड करणारे क्षार कुठं डोळ्याला दिसतात? हे मला येत होतं. काहीच येत नसतं तर निदान शंका तरी आली असती!

भाऊसाहेबांनी लाख ओतली, शिक्का मारला, तात्यांनी सही केली. ती बाटली तान्ह्या पोरासारखी मांडीवर घेऊन मी एसटीनं पुण्याला गेलो, नि देऊन आलो.

पुढचे पंधरा दिवस काय वर्णावे! आळीआळीत सभा. पंचायतीच्या भिंतीवर मी खडूनं लिहिलं, 'खडे पाजणाऱ्यांनो, जबाब द्या!' पोरं माझ्यामागं, बायासुद्धा माझ्या बाजूनं बोलायला लागल्या. ज्यांनी जन्मात तात्यांपुढं मान वर केली नव्हती, ते आबा-अण्णा मला बघून बाकावर सरकून जागा द्यायला लागले.

तात्या घाबरले. हो, घाबरले! पुण्याहून रिपोर्टचं पाकीट आलं त्या दिवशी त्यांनी मला गोठ्यामागं बोलावलं.

"सुभ्या, पाकीट फोडायचं न्हाय. मी आपणहून सांगतो, लाईन घेऊ म्हणून. गावात शोभा कशाला? तुझं काम झाल्याशी मतलब ना तुला?"

ऐकताय ना? कॅनॉलचं पाणी माझ्या ओंजळीत आलं होतं. नुसतं "बरं" म्हणायचं होतं.

"नाही!" मी म्हणालो. "पाकीट सभेतच फुटणार. आणि वाचणार मी!"

सभेला अख्खं गाव. मी ओट्यावर चढलो, पाकीट फाडलं नि खड्या आवाजात सुरू केलं. "वास : नाही! गढूळपणा : नाही! कठीणपणा..."

पुढचा आकडा मी परत परत बघत राहिलो. भाऊसाहेबांनी कागद हातातून घेतला. "कठीणपणा, मर्यादेच्या आत. शेरा, पाणी पिण्यास योग्य."

सगळ्यात जास्त धक्का कुणाला बसला असेल? तात्यांना! त्यांनी हळूच भाऊसाहेबांना विचारलं, "आपल्या बोअरचं?" मग सावरले, मिशीवरून हात फिरवला. "मी म्हणत न्हवतो? ह्याच पाण्यावर आमी वाढलो!"

"पाणी बदललंय!" मी किंचाळलो.

"कुणी? सील तू मागितलंस. सही तू मागितलीस. त्याआधी बाटली व्हती कुणाच्या घरात?"

सभा हसली. मी तडक घरी आलो. आई दारातच, तोंडभर हसू.

"आलं ना रं चांगलं? शेजारची आत्ताच सांगून गेली."

"आई, बाटलीत काय केलंस?"

"काय म्हंजी? त्ये नळाचं मचूळ पाणी पुण्याच्या सायबाला पाठवतूस व्हय? काय म्हणतील लोकं, कसलं पाणी पितात ही माणसं! वतून दिलं मोरीत. माळवस्तीचं घातलं. धोतराच्या फडक्यातनं दोनदा गाळलं, वरनं तुरटी फिरवली. पाव्हण्याला कुणी वंगाळ पाणी देतं का?"

साऱ्या गावाला मी धडा समजावून सांगितला होता. एक घर सोडून.

तरी परत सभेत गेलो आणि सगळं खरं सांगितलं. म्हटलं, पुन्हा तपासा. तात्यांनी शांतपणे ऐकलं, आणि म्हणाले, "पाणी तुझ्याच घरात बदललं म्हंजी तुझ्या शब्दाला काय किंमत? जे ठरलं ते ठरलं. पण वैनींनी गावाची अब्रू राखली." दुसऱ्या दिवशी त्यांनी पंचायतीत आईला नारळ नि खण देऊन तिचा सत्कार केला. आई गेली! टाळ्यासुद्धा झाल्या. नारळ घरी आला, तो फोडलासुद्धा मीच.

कॅनॉलचं पाणी आमच्या गावाला चार वर्षं उशिरा आलं. ती चार वर्षं माळवस्तीचं पाणी रोज सकाळी, दोन कॅन सायकलला अडकवून, मी आणलं.