ओलं किती, कोरडं किती

माझी भाची यंत्रांना एकमेकांशी बोलायला शिकवते. निदान मी शेजारणींना तरी असंच सांगते. मातीत खोचलेला सेन्सर ओल मोजून आकडा पाठवतो आणि तो वाचून व्हॉल्व्ह पाणी सोडतो किंवा थांबवतो. पण सेन्सर एका कंपनीचा, व्हॉल्व्ह दुसरीचा, आणि दोघांचं बोलणं जावाजावांसारखं: शब्द तेच, अर्थ वेगळे. म्हणून सगळ्यांसाठी एकच नियमावली लिहायला समिती बसली आहे. बसली आहे हे अगदी खरं. उठायचं नाव नाही. भाची तिची सदस्य.

तिथली रीत अशी, की एकाचीही हरकत असली तर काही मंजूर होत नाही. आकडा कशाचा आहे हेही सेन्सरने कळवावं, असं भाचीचं कलम होतं. सेन्सर कंपनीचा माणूस खर्चाच्या नावाने अडून बसला. घरी ती त्याला हरकतनारायण म्हणते. शेवटी कंटाळून तिने 'सक्तीचे' खोडून 'ऐच्छिक' लिहिलं. टाळ्या पडल्या. लांबलेला अंक एकदाचा संपला की आम्हा नाटकवाल्यांनाही तशा पडायच्या.

चाचणीसाठी तिच्या मोठ्या भावाने आपल्या रोपवाटिकेतली लिंबाची रोपं दिली. तिथला सेन्सर नेमका ओल नव्हे, कोरडेपणा मोजणारा. माती भिजली, तसा त्याचा आकडा उतरला. व्हॉल्व्हला वाटलं, ओल घटली. त्याने आणखी पाणी सोडलं. आकडा आणखी उतरला. यंत्राच्या भरवशावर परगावी गेलेला भाऊ परतला, तोवर मुळं कुजली होती.

बैठकीत हरकतनारायण म्हणाला, आमचा सेन्सर नियमाबरहुकूम वागला. व्हॉल्व्हवालाही तेच म्हणाला. दोघंही खरं बोलत होते, आणि त्यामुळेच तिचं डोकं जास्त फिरलं. कलम आता तरी सक्तीचं करा, असं तिने विनवलं. ठरलं काय, तर आधी नवी चाचणी करून दाखवा, मग बघू.

ती भावाकडे गेली. तो भडकला नाही, हेच तिला लागलं. कुजलेल्या रोपांच्या पिशव्या उपड्या करत तो म्हणाला, "आधी सक्तीचं करून आण. मग अख्खा वाफा घे."

"दादा, रोपांशिवाय ते सक्तीचं करत नाहीत."

"मग वाफ्यात तुझी समितीच लाव."

तिथून ती माझ्याकडे आली आणि चपला न काढताच बसली. मी जन्मभर शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं रडत आले; ही पोर आवाज न करता रडली. म्हटलं, माझ्या गच्चीतल्या कुंड्या घे.

तिने घेतल्या. आकडे अर्थासकट गेले, पाणी वेळेवर थांबलं, माझा गुलाब तरारला. समितीचं उत्तर आलं: कुंडी म्हणजे शेत नव्हे.

पुढच्या बैठकीचा पहिला विषय होता मागच्या बैठकीचं इतिवृत्त मंजूर करणं. एरवी तिथे कोणी मानही वर करत नाही. भाचीने हात वर केला.

"माझी हरकत आहे."

कशाला, असं अध्यक्षांनी विचारलं. ती म्हणाली, "सगळ्याला. ते कलम सक्तीचं होईपर्यंत."

समिती अजून त्याच विषयावर अडली आहे. आणि दादाचा वाफा रिकामाच आहे.