परागचं कार्ड

टॅक्सी फाटकाशी सुरूच उभी होती. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, खिडकीतून आत वाकून मिलिंदच्या डोक्यावर हात ठेवला. "परक्या मुलखात आपल्या माणसाला नाही म्हणू नकोस," म्हणाले. माझ्या नवऱ्याने वडिलांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. तेव्हा मला त्याचं भारी कौतुक होतं.

जर्मनीत नेकारसुल्म गावाजवळच्या कंपनीत आपलं माणूस म्हणजे पराग, मिलिंदचा पुण्यातला कॉलेजमित्र. त्याची बायको बाळंतपणानंतर आजारी होती, सकाळी त्याला निघायला उशीर व्हायचा. म्हणून संध्याकाळी तो आपलं हजेरीचं कार्ड आमच्याकडे ठेवून जायचा आणि सकाळी मिलिंद गेटवरच्या यंत्रात दोघांचीही कार्डं लावायचा. प्रॉक्सी, दुसरं काय! कॉलेजात अर्धा वर्ग एकमेकांची हजेरी लावायचा. सर ओरडायचे आणि विसरून जायचे. ते कार्ड रात्रभर आमच्या घराच्या किल्ल्यांशेजारी पडलेलं असायचं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

एक दिवस मिलिंद सकाळीच परत आला, डबा न उघडता. "काढून टाकलं," एवढंच म्हणाला. परागने साहेबांना सांगितलं होतं, "कार्ड चुकून मिलिंदकडे राहायचं, पुढचं मला ठाऊक नाही."

आर्बाइट्सआम्टात, म्हणजे बेकारभत्त्याच्या कचेरीत, मीही सोबत गेले. जिन्यात त्याला बजावलं, "परागनेच सांगितलं होतं म्हण." टेबलापलीकडच्या बाई फार शांतपणे बोलत होत्या, आणि त्या शांतपणाचीच मला भीती वाटत होती. कुणी करायला सांगितलं होतं का, असं त्यांनी विचारलं. मिलिंद म्हणाला, "नाही. मीच केलं, जाणूनबुजून." "गेनाऊ," म्हणजे बरोबर, असं बाई म्हणाल्या आणि टाइप करू लागल्या. नोकरी स्वतःच्या गैरवर्तनाने गेली, तेव्हा बारा आठवडे भत्ता बंद. इथे आलेल्यांना सांगायला नको, आम्हाला पैशापेक्षा धास्ती व्हिसाची होती. त्यावर कंपनीचं नाव छापलेलं होतं; ठरलेल्या मुदतीत दुसरी नोकरी मिळाली नाही तर परत जावं लागणार होतं.

परतताना बसमध्ये मी भांडले. "त्याचं बाळ केवढंसं आहे," मिलिंद म्हणाला.

"आणि आपलं?" मला पाचवा महिना होता.

त्यानंतर बेल वाजली की आम्ही बोलता बोलता गप्प व्हायचो. कुणीतरी परत पाठवायला आलंय असंच वाटायचं. मुदत अगदी संपत आली असताना मिलिंदला आखन शहरात नोकरी लागली आणि आम्ही राहिलो. तुम्हाला फोटोत आमची बाल्कनी दिसते, सायकली दिसतात, जर्मनमध्ये उत्तरं देणारी आमची मुलगी दिसते. अण्णा अजून फोनवर विचारतात, "आपल्या माणसांना धरून आहात ना?" मी हो म्हणते. परागचं नाव त्यांना अजून कळलेलं नाही.

घर कुठे असं विचाराल, तर मी आखनच्या या दाराकडेच बोट दाखवीन. परवा कुरिअरवाला आला. शेजारच्या आजींचं पार्सल आहे, तुम्ही सही करून ठेवून घ्याल का, असं बाहेरून विचारत होता. इथे शेजारी एकमेकांसाठी एवढं करतातच. मिलिंद उठला, दाराशी गेला आणि कडीवर हात ठेवून तसाच उभा राहिला. बेल पुन्हा वाजली.

मुलगी खेळता खेळता थांबली. तिला आम्ही कधी काही सांगितलेलं नाही. तिने आपणहून टीव्हीचा आवाज बंद केला.