शिव्या देणाऱ्यांची खुर्ची

तेलीबांध्याच्या तलावाकडे तोंड करून आमच्या मजल्यावर दोन बाल्कन्या आहेत, एक आमची आणि एक शेजारच्या ताईंची. नव्या राजधानीसाठी ज्या गावांची शेतं गेली, त्या गावांबद्दल ताई ब्लॉग लिहितात, हिंदीत आणि स्वतःच्या नावानं. प्रत्येक वाक्य त्या आधी पाण्याकडे पाहत पुटपुटतात, होकार दिल्यासारखं स्वतःलाच ‘हव’ म्हणतात आणि मग टाइप करतात. ऐकता ऐकता मला वाटायचं, तलावच त्यांना सांगून राहिला.

ब्लॉगखाली लोक नाव न देता शिव्या लिहितात. ताई एकही पुसत नाहीत. सगळ्यांना उत्तर एकच: घराचा पत्ता आणि ‘शाम को चाय पर आइए’. रोज संध्याकाळी त्या बाल्कनीत एक खुर्ची रिकामी ठेवतात. मी तिच्यावर कधी बसलो नाही. भीती वाटायची.

परवा एक जण खरंच आला. हेल्मेट मांडीवर घेऊन त्यानं चहा प्यायला. पाण्यावरचं ऊन विझेपर्यंत दोघं बसून होते. निघताना तो हळूच म्हणाला, "दीदी, मैं अकेला नहीं हूँ. हम बहुत लोग हैं."

मी आमच्या बाल्कनीतून आत गेलो आणि दाराला कडी लावली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी आमची बेल वाजवली. "भाऊ, दोन खुर्च्या देता का? तो म्हणे, बहुत जन आहेत. कुठी बसतीन बिचारे?"

मी तीन नेल्या. तिसरीवर मी बसलो.